गोंयकार कोण, हा प्रश्न गावात चर्चेला कसा घ्यावा

गोव्यातल्या ग्रामसभेत विषय पाण्याच्या टाकीचा असो, कचऱ्याचा असो वा नव्या इमारतीच्या परवान्याचा, थोड्याच वेळात ‘भायले’, म्हणजे बाहेरून आलेले, हा शब्द कोणाच्या तरी तोंडून निघतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. त्यानंतर जे बोलले जाते ते बहुतेक वेळा रागाने बोलले जाते आणि ज्यांच्याविषयी बोलले जाते ती माणसे सहसा तिथे नसतात. गावातले वाचनालय, भजनी मंडळ किंवा शाळेचा पालक-शिक्षक संघ चालवणाऱ्या आणि हा प्रश्न एकदा नीट समोरासमोर बोलावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाचे काम पाहताना अशा काही बैठका मी घडवून आणल्या. त्यांपैकी पहिली पूर्ण फसली. ती का फसली, हेही पुढे येईल.

ग्रामसभेतच हा विषय का घेऊ नये, असे कोणी विचारील. ग्रामसभेत ठराव होतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि बोलणाऱ्याचे लक्ष समोरच्या माणसापेक्षा नोंदवहीकडे अधिक असते. वाचनालयात ठराव करायचा नसतो, त्यामुळे माणूस आपले मत अर्धवट मांडू शकतो आणि ते बदलूही शकतो. चर्चेला हीच मोकळीक लागते.

आधी प्रश्नाची फोड करावी

‘गोंयकार कोण?’, म्हणजे गोव्याचा माणूस कोणाला म्हणायचे, हा एक प्रश्न वाटला तरी त्यात निदान चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. नागरिक कोण, रहिवासी कोण, कूळ वा जमात कोणती, आणि आपण मनाने कोणाला आपले मानतो. वाद करणारे दोघे यांपैकी निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि आपण एकाच गोष्टीवर भांडतो आहोत अशी दोघांचीही समजूत असते. म्हणून बैठकीपूर्वी संयोजकाने या चारही बाबींची खरी माहिती स्वतःजवळ तयार ठेवावी. ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली तर उत्तम.

नागरिकत्वाची गोष्ट कायद्याने स्पष्ट आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ सालच्या गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेशानुसार, २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो या प्रदेशात जन्मला होता, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणीही इथे जन्मले होते, तो भारताचा नागरिक ठरला. आधीचे नागरिकत्व राखायचे असल्यास एका महिन्यात तसे लेखी कळवण्याची मुभा होती. उलट बाजूने, पोर्तुगालच्या कायद्यानुसार पोर्तुगीज राजवटीत इथे जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या आधारे त्यांच्या मुलांना व नातवंडांना, लिस्बन येथे जन्मनोंदणी करून पोर्तुगीज राष्ट्रीयत्व मिळवता येते. मात्र भारताच्या १९५५ सालच्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिलेली असणे आवश्यक आहे, कारण पासपोर्टचा विषय निघाला की आपल्या मराठी वाचणाऱ्या आणि बहुतांशी हिंदू असलेल्या मंडळीत तो ख्रिस्ती शेजाऱ्याच्या निष्ठेवर शंका घेण्यासाठी वापरला जातो. तो पासपोर्ट हिंदू कुटुंबांनीही घेतलेला आहे आणि घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो इंग्लंडमध्ये काम मिळावे म्हणून घेतला. स्विंडनमध्ये आज गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. गोव्यात पुरेशा पगाराचे काम का मिळत नाही, हा प्रश्न निष्ठेच्या प्रश्नाआधी विचारायला हवा, असे माझे मत आहे.

रहिवासाचा प्रश्न निराळा आहे. भारताच्या कोणत्याही नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिलेला आहे, आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या आधारे राज्याने भेदभाव करू नये असे कलम १५ सांगते. ‘जन्मस्थान’ हा शब्द त्या यादीत आहे, याकडे बैठकीत मुद्दाम लक्ष वेधावे. पुष्कळांनी तो कधी वाचलेला नसतो. मतदानाचा हक्क अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि मतदारसंघात सामान्यतः राहणाऱ्या नागरिकाला असतो आणि पंचायतीच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य असतो. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहून मतदार झालेला गवंडी ग्रामसभेत हक्काने उभा राहतो. त्याला तिथे कोणी परवानगी द्यायची नसते. याचबरोबर हेही सांगावे की गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचे ज्ञान मागितले जाते, आणि स्थानिकांच्या रोजगाराची काळजी व्यक्त करण्याचे तसे मार्ग कायद्यात आहेत. दोन्ही बाजू सांगितल्या तर ऐकणाऱ्यांचा विश्वास बसतो.

कूळ आणि जमात यांविषयी आपल्या गावांत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘गांवकार’ हा शब्द आपण सैल वापरतो, पण कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, व्यवस्थेत तो काटेकोर आहे. गांवकारी ही संस्था पोर्तुगीजांहून जुनी आहे, १५२६ सालच्या फोराल या पोर्तुगीज सनदेत तिच्या रूढींची नोंद झाली आणि तिचे सदस्यत्व पिढीजात, पुरुषाच्या वंशातून चालत आले. देवस्थानांच्या महाजनांचेही, म्हणजे देवळाच्या हक्कदार सदस्यांचेही, तसेच आहे. १९३३ साली पोर्तुगीज राजवटीत झालेली नियमावली आजही चालू आहे आणि महाजन कोण हे घराण्यावरून ठरते. याचा अर्थ असा की गावात शेकडो वर्षे राहणारी कितीतरी गोमंतकीय कुटुंबेही या दोन्ही याद्यांत नाहीत. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर असलेल्या मुंडकाराला बेदखल होण्यापासून संरक्षण देण्यासाठी १९७५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना, ज्यांना आपण या भूमीचे आद्य रहिवासी म्हणतो, अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळायला २००३ साल उजाडले. धनगर-गवळी समाजाची तशीच मागणी अजून मान्य झालेली नाही. ‘आम्ही मूळचे’ असे म्हणणाऱ्याने आधी या घरांकडे पाहावे, ही सूचना मी प्रत्येक बैठकीत करतो आणि ती काहींना आवडत नाही.

चौथा प्रश्न मनाचा आहे आणि त्याचे उत्तर कागदावर लिहिता येत नाही. त्यासाठीच बैठक घ्यायची असते.

मराठी वाचणाऱ्यांची विशेष जबाबदारी

२०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी आणि सुमारे ११ टक्के लोकांनी मराठी सांगितली. जनगणनेच्या रकान्यात मातृभाषा म्हणून एकच नाव लिहिता येते. प्रत्यक्षात घरी कोंकणी बोलणारी, पण भजन मराठीत म्हणणारी, वर्तमानपत्र मराठी वाचणारी आणि लग्नाची पत्रिका मराठीत छापणारी घरे बार्देश, पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत किती आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळ्या गोव्यासाठी दोन पाने अशी दोन चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली आणि गोवा महाराष्ट्रात विलीन झाला नाही. पुढे १९८५ ते १९८७ या काळात भाषेचे आंदोलन पेटले, ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला, देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद झाली, त्यानंतर ३० मे १९८७ रोजी घटक राज्य आले. त्या वीस वर्षांत मराठीवर प्रेम करणाऱ्या माणसाला ‘मग तू गोंयकार कसा?’ हा प्रश्न तोंडावर विचारला गेला आणि कोंकणीवर प्रेम करणाऱ्याला ‘तुझी ती भाषा तरी आहे का?’ असे ऐकावे लागले. दोन्ही जखमा अजून दुखतात. आपलेपणाचा पुरावा मागितला गेल्यावर माणसाला काय वाटते, हे मराठी वाचणाऱ्या गोमंतकीयाला कोणी वेगळे समजावून सांगायला नको. बैठकीत ही आठवण ज्येष्ठांकडून बोलून घ्यावी. जुना वाद पुन्हा उकरण्याचा हेतू नसावा. त्या वेळी नेमके काय टोचले होते, एवढेच विचारावे. त्यानंतर त्याच माणसाला दुसऱ्याविषयी ‘घाटी’ म्हणणे जड जाते, हे मी स्वतः पाहिले आहे.

जागा, वेळ आणि माणसे

देवळाचा मंडप किंवा चर्चचे सभागृह घेऊ नये. तिथे कोणी ना कोणी पाहुणा ठरतो. वाचनालय किंवा सरकारी प्राथमिक शाळा योग्य. शाळा तर अधिकच योग्य, कारण शहरांजवळच्या अनेक सरकारी मराठी शाळांत आज कर्नाटकातून आणि उत्तरेतून आलेल्या कामगारांची मुले बसतात आणि त्या मुलांवाचून त्या शाळा चालणे कठीण झाले आहे. निवडणुकीचा काळ टाळावा, चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवसही टाळावेत. रविवारी संध्याकाळी बांधकामावरच्या माणसांना येता येते. पंचवीस ते तीस माणसे पुरेत.

आमची पहिली बैठक फसली ती निमंत्रणात. बारा वर्षे आमच्याच वाड्यावर राहणाऱ्या एका गवंड्याला आम्ही ‘बाहेरून आलेल्यांचा अनुभव सांगायला’ म्हणून बोलावले आणि व्यासपीठावर एकट्याला बसवले. तो पाच मिनिटे आमचे आभार मानत राहिला आणि निघून गेला. बारा वर्षांच्या शेजाऱ्याला आम्ही नमुना म्हणून मांडले होते, ही चूक माझी होती. तेव्हापासून दोन नियम पाळतो. एकाच समाजाचा वा भाषेचा एकटा माणूस बोलावायचा नाही, निदान तिघे तरी असावेत. आणि त्यांना ‘अनुभव सांगा’ असे न म्हणता, सर्वांना विचारायचा तोच प्रश्न त्यांनाही विचारायचा. खुर्च्या वर्तुळात मांडाव्या. ज्याला कोंकणी, मराठी, हिंदी वा कन्नड ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत त्याने बोलावे आणि शेजारच्याने त्याचा अर्थ सांगावा. यात वेळ जातो, पण भाषांतराच्या त्या थांब्यात तापलेले डोके थोडे निवते.

सुरुवात कोणत्या प्रश्नाने करावी

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न टाळावा. आमच्या भागात मी असे विचारतो: तुमचे कुलदैवत, घराणे किंवा कुटुंब आज जिथे आहे तिथे येण्याआधी कुठे होते, आणि ते का हलले? फोंड्यात या प्रश्नाला विलक्षण उत्तरे येतात, कारण इथले देवच स्थलांतरित आहेत. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. सोळाव्या शतकात साष्टी-बार्देशात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भाविकांनी मूर्ती घेऊन नदी ओलांडली, कारण पलीकडचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. फोंडा तर १७६३ साली आणि पेडणे १७८८ साली त्या राज्यात गेले. त्याच काळात कितीतरी घराणी कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली आणि तिथे ती ‘बाहेरची’ होती. ख्रिस्ती शेजारी बैठकीत असतील तर मुंबईतल्या कुडांची गोष्ट हमखास निघते. गावाच्या नावाने चालणाऱ्या त्या खोल्यांत बोटीवर काम करणारे आणि नोकरी शोधणारे गोमंतकीय ट्रंक ठेवून रांगेने झोपत. झुआरीनगर वा बायणा अशा कामगारवस्तीतल्या खोलीत सहा जण का राहतात, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

या फेरीला घाई करू नये. आम्ही तिला सव्वा तास देतो.

शब्दांविषयी

‘घाटी’ हा शब्द बैठकीत येणारच. तो उच्चारूच नये असा फतवा काढला तर तो बाहेरच्या पायरीवर जाऊन बोलला जाईल. घाटावरून आलेला एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे, पण आज तो गलिच्छ, अडाणी, हलका या अर्थाने वापरला जातो आणि मराठी व कन्नड बोलणाऱ्या गरिबालाच लावला जातो. घाटावरून आलेल्या श्रीमंताला कोणी घाटी म्हणत नाही. एवढे निरीक्षण मांडावे आणि ज्यांना तो शब्द लावला जातो त्यांना, ते इच्छित असतील तरच, बोलू द्यावे. आम्ही असे केले तेव्हा भाजी विकणाऱ्या एका बाईने सांगितले की तिच्या मुलाने शाळेत तो शब्द आधी ऐकला आणि मग धाकट्या भावाला चिडवताना तोच वापरला. त्यानंतर कोणालाही काही वेगळे सांगावे लागले नाही.

काळ्या वर्णाच्या माणसाला हिणवून लावला जाणारा ‘खाप्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘काफ्रे’वरून आला. पोर्तुगीजांनी मोझांबिकच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांसाठी तो होता. त्यांच्यापैकी जे पळून गेले त्यांचे वंशज, सिद्दी, आज उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या जंगलालगत राहतात. ते त्या भूमीचे नागरिक आहेत आणि कोंकणीचे एक रूप बोलतात. आपलीच भाषा बोलणाऱ्या माणसाला पणजीच्या बसस्थानकावर कोणी परदेशी समजले तर त्यात वर्णाचा पूर्वग्रह आहे, दुसरे काही नाही. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीत महामार्ग अडवला. त्यानंतर एका मंत्र्याने त्या साऱ्या समाजाची तुलना कर्करोगाशी केली आणि नंतर माफी मागितली. गुन्ह्याची चौकशी आणि एका वंशाची निंदा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात, हे सांगायला हा प्रसंग उपयोगी पडतो. ईशान्य भारतातून येऊन आपल्या हॉटेलांत काम करणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांवरून चिडवणे हेही याच जातीचे वर्तन आहे. दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर ईशान्येच्या लोकांच्या तक्रारी पाहण्यासाठी २०१४ साली केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली होती.

राग खरा असतो तेव्हा

सर्व तक्रारी पूर्वग्रहातून येतात असे समजणारा संयोजक बैठक गमावतो. शेत जाते, डोंगर कापला जातो, विहीर आटते, घरभाडे परवडेनासे होते. हे सगळे खरे आहे. अशा वेळी फळ्यावर तीन शब्द लिहावेत: निर्णय, पैसा, श्रम. मग प्रत्येक तक्रारीसाठी विचारावे, की निर्णय कोणी घेतला, पैसा कोणी मिळवला आणि श्रम कोणी केले. नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली जमिनीचा वापर बदलतो तेव्हा अर्ज जमीनमालकाचा असतो, मंजुरी सरकारची असते, इमारतीतला फ्लॅट दूरच्या शहरातला गुंतवणूकदार घेतो आणि सिमेंट कालवणारा झारखंडचा वा कर्नाटकचा मजूर असतो. ‘भायले’ या एकाच शब्दात गुंतवणूकदार आणि मजूर दोघेही बसतात, जमीन विकणारा गोमंतकीय मात्र त्या शब्दातून सुटतो, आणि साऱ्यांचा राग जो हाताशी सापडतो त्या मजुरावर निघतो. फळ्यावरचे ते तीन शब्द पाहिले की लोक स्वतःच नावे योग्य रकान्यात घालू लागतात. जमिनीसाठी लढायचे तर त्या लढ्याची दिशा इथे स्पष्ट होते.

कोणी अगदीच अपमानास्पद बोलू लागला तर त्याचे वाक्य संयोजकाने शांतपणे परत उच्चारावे आणि ‘हे आपण या खोलीतल्या कोणाविषयी म्हणत आहात?’ असे विचारावे. बहुतेक जण ‘इथल्या कोणाविषयी नाही’ म्हणतात आणि थांबतात. जो थांबत नाही त्याला बाहेर घेऊन बोलायला एक ज्येष्ठ माणूस आधीच नेमून ठेवावा.

बैठकीनंतर

पहिल्या बैठकीतून काही निष्पन्न व्हावे अशी अपेक्षा करू नये, परंतु लगेच करता येतील अशी एक-दोन कामे हाती घ्यावीत. मतदार नोंदणीचा सहा क्रमांकाचा अर्ज भरायला मदत करणे, भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करताना घरमालकासोबत जाणे, शाळेतल्या परप्रांतीय मुलांसाठी संध्याकाळी कोंकणी-मराठी बोलण्याचा तास घेणे, यांत गावातल्या निवृत्त शिक्षकांना आनंदाने सामील करून घेता येते. कुंकळ्ळीच्या सत्र्यो, म्हणजे छत्र्यांच्या, उत्सवात बारा वांगडांची (कुळांची) हिंदू आणि ख्रिस्ती घराणी आजही एकाच देवीसाठी एकत्र चालतात. तो उत्सव पाहायला नव्या शेजाऱ्यांना घेऊन जावे.

दुसरी बैठक महिन्याभराने ठेवावी आणि निमंत्रणे पहिल्या बैठकीला आलेल्या नव्या शेजाऱ्यांच्या हातून वाटावीत. आमच्या वाचनालयाच्या सदस्यत्वाच्या अर्जावर ‘मूळ गाव’ असा रकाना वर्षानुवर्षे होता. त्या गवंड्याने परत येऊन अर्ज मागितला तेव्हा तो रकाना आम्ही काढून टाकला होता. त्याच्या जागी आता ‘वाडा’ एवढेच लिहिलेले असते. त्याने आमच्याच वाड्याचे नाव लिहिले, वार्षिक वर्गणी भरली आणि मुलीसाठी इयत्ता तिसरीचे गोष्टींचे पुस्तक घेऊन गेला.